जूलची तार आणि बिअरचा बॉयलर

मँचेस्टरला खेटून असलेल्या सॅलफर्डमध्ये 1840च्या सुमारास विशीतला एक तरुण पाणी तापवत बसायचा. काचेच्या नळीवर धातूची तार गुंडाळायची, ती पाण्याच्या भांड्यात बुडवायची, तारेतून वीज सोडायची आणि थर्मामीटरवर नजर ठेवायची. त्याचं नाव जेम्स प्रेस्कॉट जूल. त्यातून त्याला दिसलं, की विजेचा प्रवाह दुप्पट केला तर उष्णता चक्क चौपट होते! भौतिकशास्त्राच्या पुस्तकात हा जूलचा नियम आपण सगळेच शिकलो. पण या जूलच्या घरचा धंदा काय होता, माहीत आहे? बिअर बनवण्याचा!

आज ब्रिटनमध्ये हौसेने घरी बिअर करणारी मंडळी जो इलेक्ट्रिक बॉयलर वापरतात, तो म्हणजे मोठी केलेली जूलची तारच. तीसेक लिटरचं स्टीलचं पिंप, तळाशी कॉइल, खाली तोटी. बॉयलरवर लिहिलेला प्रत्येक वॅट म्हणजे सेकंदाला एक जूल. बिअरवाल्याच्या मुलाचं नाव बिअरच्याच भांड्यात अखंड मोजलं जातं!

आता बॉयलर निवडायचा कसा? ब्रिटनमधल्या घरगुती प्लगमध्ये 13 अँपिअरचा फ्यूज असतो आणि दाब 230 व्होल्टचा. गुणाकार करा: जवळजवळ 3000 वॅट. म्हणून तिथले बॉयलर साधारण तिथवरच जातात. अमेरिकेतल्या नेहमीच्या प्लगमधून मात्र 120 व्होल्ट आणि 15 अँपिअर, म्हणजे जेमतेम 1800 वॅट मिळतात. आणि ब्रिटनचा 3000 वॅटचा बॉयलर अमेरिकेतल्या त्या प्लगला लावला तर? दाब निम्मा झाला की प्रवाहही निम्मा होतो, आणि मग जूलचा नियम आपला हिशेब चुकता करतो: उरतात फक्त 800 वॅटच्या आसपास.

एवढ्या वॅटचं करायचं काय? मोड आणून वाळवलेले जव, म्हणजे माल्ट, भरडून 66 अंशांच्या आसपासच्या पाण्यात तासभर भिजवतात. धान्यातली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. तापमान चारपाच अंशांनी चढलं, की वेगळी एन्झाइम्स वरचढ होतात आणि बिअर अंगाने जड होते. इथे ताकदीपेक्षा थर्मोस्टॅटचा नेमकेपणा महत्त्वाचा.

खरी कसोटी पुढे आहे. धान्य काढून टाकल्यावर उरलेल्या गोड पाण्याला वर्ट म्हणतात. असं 27 लिटर वर्ट 66 अंशांवरून उकळीला आणायला 3000 वॅटला वीसबावीस मिनिटं पुरतात. भांड्याच्या अंगातून उडणारी उष्णता धरून थोडी जास्त. पण उकळी आली म्हणजे काम झालं का? छे! एक लिटर पाणी नळाच्या तापमानापासून उकळीला आणायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सहापटीहून जास्त ऊर्जा त्याच पाण्याची वाफ करायला लागते. तासात तीन लिटर पाणी उडवायचं, तर निव्वळ वाफेपोटी 1900 वॅट हवेत.

मुळात पाणी उडवायचंच कशाला? कारण माल्टमधून येणारा, उकडलेल्या मक्यासारखा वास देणारा एक गंधकयुक्त पदार्थ वाफेबरोबर निघून जातो. म्हणून झाकण उघडं हवं. शिवाय याच खळखळाटात टाकलेल्या हॉप्सच्या फुलांमधली आम्लं बिअरचा कडूपणा धारण करतात. या आम्लांमधले अणू तेवढेच आणि तेच राहतात; उष्णतेने फक्त त्यांची मांडणी बदलते. एवढ्याने चव पालटते, हे मला आजही अचाट वाटतं.

कॉइलचं एक पथ्य आहे. वर्टमध्ये साखर आणि प्रथिनं असल्यामुळे ते दुधासारखं तळाला लागतं आणि उतूही जातं. म्हणून वॅट तेवढेच, पण ते जास्त पृष्ठभागावर पसरलेले, अशी लांब कॉइल चांगली. कॉइल तळपत्र्याखाली दडवलेली असेल तर घासायला सोपं. पण गाळ बसला की पत्रा भलताच तापतो आणि सुरक्षेचा कटआउट ऐन उकळीत वीज तोडतो. तेव्हा उकळी येण्याआधी लाकडी उलथन्याने तळ ढवळून घ्यावा. अर्थिंग आणि गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा ब्रेकर यांत तडजोड नको.

ब्रिटनमध्ये 1963पासून स्वतःपुरती बिअर घरी करायला परवाना लागत नाही. महाराष्ट्रात मात्र 1949च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय ती बनवणं गुन्हा आहे.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी 2400 वॅटच्या खालचा बॉयलर घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत. आणि घेतल्यावर पहिल्यांदा त्यात 27 लिटर साधं पाणी झाकण न ठेवता तासभर उकळून पाहा. 24 लिटरच्या आसपास उरलं, तर तुमची निवड अचूक आहे.