तंजावूरची मराठी घरं: भात, सांबार आणि भाषा

फौजेत आधी नकाशा बघतात, आपणही तेच करू. तंजावूर म्हणजे कावेरीचं सपाट खोरं. नजर जाईल तिथवर भातशेती. व्यंकोजीराजांनी १६७० च्या दशकात इथे गादी स्थापली. मागून आलेल्या मराठी घरांत भाकरी मागे पडली, पानात भात आला. सांबाराचं नाव संभाजीराजांवरून पडलं, ही दंतकथाच समजा. भक्कम पुरावा सरस्वती महाल ग्रंथालयात आहे: दुसऱ्या सरफोजींच्या काळातलं मराठी पाकशास्त्र. त्यांनीच १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. १८५५ ला राज्य गेलं. घरात मराठी अजून बोलतात, पण मुलं शिकतात तमिळ नाहीतर इंग्रजीत. आपल्याच राजाचा शिलालेख अनेकांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो.