धार नसलेली तलवार

जपानच्या इआइदो या कलेत तलवार म्यानातून काढता काढताच वार करायला शिकवतात. समोर कुणीच नसतं. धोका असतो तो स्वतःच्या डाव्या हाताला, कारण म्यानाचं तोंड त्यानंच धरलेलं असतं. पात्याचा कोन जरा चुकला, तर धार लाकडी म्यान चिरून बोटांत शिरू शकते.

म्हणून नवशिक्याला ‘इआइतो’ देतात. जस्त-अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची ही तलवार दिसते हुबेहूब खऱ्यासारखी, पण तो धातू पोलादापेक्षा मऊ, त्याला टिकाऊ धार लागत नाही. टोक मात्र भोसकू शकतं, हे विसरता कामा नये! शिवाय ओतीव पातं जोरदार आघातानं मोडू शकतं. त्यामुळे जोडीनं सराव करताना बोक्केन ही लाकडी तलवार वापरतात.

केंडो या जपानी तलवारबाजीत वापरतात ती शिनाई ही सरावाची तलवार बांबूच्या चार पट्ट्यांची. आघात होताच पट्ट्या वाकतात आणि बरीचशी ऊर्जा पोटात घेतात. तिचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास, तर कताना ही खरी पोलादी तलवार साधारण एक किलोची.

खऱ्या पात्याची पारख होते ती भिजवून गुंडाळलेली गवती चटई कापताना. धारेची दिशा आणि वाराची दिशा जुळली नाही, तर पातं अडकतं किंवा वाकतं. ही चूक इआइतो इतक्या स्पष्टपणे दाखवत नाही.