पेसमेकर आहे आणि रेडिएशन घ्यायचंय? आधी हे वाचा

अंबरनाथला आमच्याकडे राहणाऱ्या माझ्या आजोबांना पेसमेकर आहे. गेल्या वर्षी प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी रेडिएशन सांगितलं. मला वाटलं, पेसमेकर छातीत, किरण ओटीपोटात, काय संबंध? म्हणून पेसमेकरचं कार्ड घरीच ठेवून आम्ही लोकल पकडली. चूक माझी होती.

धोका नेमका कशाचा?

पेसमेकरमध्ये फोनसारखीच चिप, मेमरी आणि बॅटरी असते. किरण थेट त्यावर पडले तर बिघाड होऊ शकतो. दुसरा धोका लांबूनही येतो. ओटीपोटातल्या खोल गाठीसाठी कधी कधी १५ एमव्हीसारखे जास्त ऊर्जेचे किरण वापरतात. १० एमव्हीच्या वर गेलं की मशीनमधून न्यूट्रॉनही निघतात. ते खोलीभर पसरतात आणि चिपच्या मेमरीतला ० चा १ करू शकतात. मग पेसमेकर रिसेट होऊन ठरावीक बॅकअप सेटिंगवर जातो. फोन रिसेट झाला तर आपण वैतागतो. इथे हृदयाचे ठोके त्यावर चालतात!

मग उपचार टाळायचे का?

अजिबात नाही. डॉक्टरांनी आधी तीन गोष्टी विचारल्या: कंपनी-मॉडेल कोणतं, पेसमेकर कधी बसवला आणि ठोके पूर्णपणे त्याच्यावरच अवलंबून आहेत का? मी आईला फोन केला, तिने कार्डाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. मग त्यांनी ६ एमव्हीचे किरण निवडले. पेसमेकरला किती डोस पोहोचेल हेही आधी मोजलं. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये तो एकूण ५ ग्रेच्या आत ठेवायला सांगितलंय. ग्रे हे डोसचं एकक. प्रोस्टेटला अनेकदा ६० ग्रे किंवा जास्त देतात. गाठ पेसमेकरजवळच असेल, तर क्वचित तो दुसरीकडे हलवावा लागतो.

तुम्ही काय कराल?

- कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो आजच फोनमध्ये ठेवा.
- पहिल्याच भेटीत स्वतःहून सांगा. कुणी विचारायची वाट बघू नका.
- उपचाराआधी, मध्ये आणि नंतर पेसमेकर तपासून घ्या.
- शॉक देणारं यंत्र म्हणजे आयसीडी असेल, तर तेही स्पष्ट सांगा.
- चक्कर आली किंवा धडधडलं, तर लगेच टेक्निशियनला सांगा.
- फोन शर्टाच्या खिशात नको. १५ सेंटिमीटर लांब ठेवा.

आजोबांचे सगळे डोस नीट पार पडले. कार्डाचा फोटो आता घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे.