‘चालेल ना माझा मुलगा?’

जानेवारी आला की गुलमंडीच्या दुकानांत मांजाच्या चकऱ्या लटकू लागतात आणि आम्ही वर्गात दरवर्षीचेच पालुपद लावतो, कठडा नसलेल्या गच्चीवर चढू नका. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे शिकून गेलेला एक मुलगा अशाच गच्चीवरून पाठीवर पडला. गल्लीतल्या लोकांनी खांदे आणि पाय धरून त्याला उचलले, रिक्षात बसवले. पाय हलत नव्हते. रात्री रुग्णालयाच्या व्हरांड्यात त्याच्या अम्मीने डॉक्टरांना एकच विचारले, "चालेल ना माझा मुलगा?"

"आत्ता काही सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

घरच्यांना वाटले, टाळताहेत. खरे सांगायचे तर आम्हालाही तसेच वाटले. मग कुणीतरी एका मालीशवाल्या पहेलवानाचे नाव सुचवले. त्याने छातीठोकपणे सांगितले, चाळीस दिवसांत उभा करतो. अम्मींच्या बांगड्या गेल्या. चाळीस दिवसही गेले.

डॉक्टर टाळत नव्हते, हे पुढे वाचनातून कळले. मणक्यांच्या पोकळीतून जाणाऱ्या मज्जारज्जूला जबर मार लागला की तो काही दिवस, कधी काही आठवडे, जणू बधिर होतो. त्या काळात कायमचे तुटलेले आणि नुसते दबलेले, दोन्ही वरून सारखेच दिसतात. डॉक्टर टाचणीने टोचून संवेदना तपासतात, बोट हलवायला सांगतात आणि ए ते ई अशी श्रेणी देतात. ‘ए’ म्हणजे इजेखाली, अगदी गुदद्वारापाशीही, काहीच जाणवत नाही आणि हलत नाही. पण रुग्ण बेशुद्ध असेल, व्हेंटिलेटरवर असेल, तर त्याला विचारणार काय? एमआरआयमध्ये सूज आणि रक्तस्राव दिसतो, तरी किती तंतू वाचले याचा पक्का हिशेब त्यातून मिळत नाही.

हा हिशेब रक्तातून काढता येईल का, याचा शोध आता सुरू आहे. मज्जातंतूंच्या आत न्यूरोफिलामेंट नावाच्या प्रथिनाचा सांगाडा असतो. तंतू तुटले की त्याचे कण बाहेर पडतात आणि थोडे रक्तात उतरतात. तंतूंना आधार देणाऱ्या पेशींतून जीएफएपी नावाचे दुसरे प्रथिन झिरपते. ते लवकर वाढते, न्यूरोफिलामेंट सावकाश चढत जाते. मोजमाप पिकोग्रॅममध्ये, म्हणजे एका ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागात! कॅनडातील व्हँकुव्हरच्या संशोधकांना या प्रथिनांचे प्रमाण आणि इजेची तीव्रता यांचा संबंध आढळला. मेंदूच्या इजेसाठी जीएफएपी मोजणाऱ्या रक्तचाचणीला अमेरिकेत 2018 मध्ये मान्यताही मिळाली आहे. मज्जारज्जूचे काम अजून अभ्यासाच्या टप्प्यावरच आहे. त्यात एक पेच असा की अपघातात डोक्यालाही मार लागला असेल, तर रक्तात वाढलेले प्रथिन मेंदूतून आले की पाठीतून, हे ओळखणे अवघड जाते.

आम्हाला जास्त आशा वाटते ती दुसऱ्या वाटेची. कॅनडातल्याच वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतील 2,600 हून अधिक रुग्णांचे साधे रक्त-रिपोर्ट संगणकाकडून तपासून घेतले. क्षार, पांढऱ्या पेशी वगैरे, म्हणजे कुठल्याही दवाखान्यात होणाऱ्या चाचण्या. एकेक आकडा फारसे बोलत नाही, पण तो दिवसागणिक कसा चढतो-उतरतो, यावरून इजा किती गंभीर आहे आणि जिवाला धोका किती, याचा अंदाज पहिल्या काही दिवसांतच येऊ लागला. 2025 मध्ये हे प्रसिद्ध झाले. महागडे यंत्र नाही तरी सीबीसी आपल्या तालुक्याच्या गावीही होते. त्यामुळे ही पद्धत पक्की ठरली, तर ती आपल्यापर्यंत लवकर पोहोचू शकते. अर्थात आज कोणी "रक्त तपासून सांगतो, चालेल की नाही" म्हणाला, तर त्याला पैसे देऊ नका.

आणि उत्तर ‘नाही’ आले तर? सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. पूर्वीचे मुष्टियोद्धे, ते पोहायला लागले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी सुवर्णपदक जिंकले. सगळेच पेटकर होत नाहीत, हे आम्हालाही कळते. पण लघवीची नळी कशी सांभाळायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस कशी बदलायची, चाकाच्या खुर्चीवर कसे सरकायचे, हे शिकवावे लागते. मुंबईत हाजी अलीजवळ सरकारी पुनर्वसन संस्था 1955 पासून आहे. खरे उत्तर लवकर मिळाले असते, तर अम्मींच्या बांगड्या तिकडच्या प्रवासाला कामी आल्या असत्या.

गल्लीतल्या पोरांना आम्ही आता आणखी एक गोष्ट सांगतो. कुणी पडलाच तर त्याला बसवू नका, वळवू नका, पाणी पाजायला मान उचलू नका. 108 ला फोन करा. फारच नाइलाज झाला, तर चार-पाच जणांनी मान, पाठ, कंबर एका रेषेत ठेवून सपाट फळीवर घ्या.

तो मुलगा आता भावाच्या दुकानात गल्ल्यावर बसतो. हिशेबाला पक्का आहे, शाळेतही होता. परवा आम्ही त्याला रक्ताच्या चाचण्यांचे सांगितले. तो म्हणाला, "सर, तेव्हा नुसते एवढे कुणी सांगितले असते ना, की किती दिवस वाट बघायची!"