ट्रॉली घेण्याआधी थांबण्याचा हिशेब करा



सोयाबीनची रास झाली, माल लातूरच्या नाहीतर उदगीरच्या आडतीला गेला, हातात चार पैसे आले, की घरात ट्रॉलीचा विषय निघतो. भाड्याच्या ट्रॉलीची वाट बघता बघता कधी माल पावसात भिजलेला असतो, कधी शेणखत वेळेवर शेतात पडलेलं नसतं. तेव्हा विषय निघणं साहजिक आहे. मग आमच्याकडं विचारणा होते, "साहेब, किती टनाची ट्रॉली घेऊ?"

आम्ही उलट विचारतो, "तुमचा ट्रॅक्टर किती वजनाचा आहे?" त्यावर उत्तर हॉर्सपॉवरचं येतं. पंचेचाळीसचा आहे, पन्नासचा आहे. वजन सांगणारा क्वचितच भेटतो. आणि ट्रॉलीची निवड तर ट्रॅक्टरच्या वजनावर ठरते. कशी, ते बघू.

ओढणं सोपं, थांबवणं अवघड

समजा तुमचा ट्रॅक्टर दोन टनांचा आहे. ४५ हॉर्सपॉवरच्या आसपासचे ट्रॅक्टर साधारण याच वजनाचे असतात. त्याला दीड टनाची रिकामी ट्रॉली जोडली आणि तीत पाच टन माल भरला. ट्रॉली झाली साडेसहा टनांची. सपाट डांबरी रस्त्यावर, टायरमध्ये हवा बरोबर असेल, तर ही ट्रॉली चालती ठेवायला दीड-दोनशे किलोची ओढ पुरते. म्हणून गडी सांगतो, "मालक, काहीच वाटत नाही, अजून भरा." त्याचं म्हणणं खोटं नाही. ओढताना काहीच वाटत नाही.

आता पुढं वासरू आडवं आलं. एकट्या ट्रॅक्टरचे ब्रेक दोन टन थांबवण्यासाठी बनवलेले आहेत. आता त्यांच्या अंगावर साडेआठ टन आले. त्याच वेगाला, तोच पाय तितकाच दाबला, तरी थांबायला साधारण चौपट अंतर लागणार. जिथं पाच मीटरमध्ये थांबत होता, तिथं वीस मीटर. वासरू काही वीस मीटरवर आडवं येत नाही.

उतारावर आणखी वाईट. वीस फुटाला एक फूट उतार म्हणजे बघायला गेलं तर फार नाही, आपल्या बालाघाटच्या माथ्यावरून खाली येताना असे उतार जागोजागी आहेत. एवढ्याशा उतारावर ही साडेसहा टनांची ट्रॉली सव्वातीनशे किलोच्या जोरानं ट्रॅक्टरला मागून ढकलत असते, आणि उतार संपेपर्यंत ढकलतच राहते. अशा वेळी डिझेल वाचवायला कोणी गिअर काढून न्यूट्रलवर सोडतो. असं कधीही करू नका. चढताना जो गिअर लागला असता, तोच गिअर उतरताना ठेवायचा, आणि तो उतार सुरू व्हायच्या आधीच टाकायचा. भर उतारावर गिअर बदलायला गेलात आणि तो पडला नाही, तर मग हातात काही राहत नाही.

कामाचा नियम असा धरा. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील, तर भरलेल्या ट्रॉलीचं एकूण वजन ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीवर जाऊ देऊ नका, आणि तेही ताशी ३० किलोमीटरच्या आत. दोन टनांच्या ट्रॅक्टरला तीन टन. त्यातून ट्रॉलीचं स्वतःचं वजन वजा केलं, तर माल उरतो दीड टन, म्हणजे पंधरा क्विंटल. हे वाचून तुम्ही हसाल. "पंधरा क्विंटलसाठी का ट्रॉली घ्यायची?" बरोबर आहे. म्हणूनच आमचं सांगणं की त्याहून जास्त माल न्यायचा असेल, तर ब्रेकची ट्रॉली मागा. ट्रॅक्टर हळू झाला की ट्रॉली हुकावर पुढं रेटते आणि त्या रेट्यानंच तिचे ब्रेक लागतात, अशी एक साधी पद्धत आहे. हवेचे आणि हायड्रॉलिक ब्रेकही मिळतात. किंमत वाढते हे खरं. पण रंग, नक्षी, मडगार्डवरची नावं यांवर जो खर्च होतो, तो आधी ब्रेकवर करा, मग वाघाचं चित्र काढा.

तीच ट्रॉली, वजन वेगळं

ट्रॉली डोळ्यानं भरायची सवय आपल्याला लागली आहे. फळीपर्यंत आलं की भरली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, दोन फूट खोल अशी ट्रॉली घ्या. तिच्यात १२० घनफूट माल बसतो. हीच ट्रॉली सोयाबीनच्या दाण्यानं फळीबरोबर भरली, तर सुमारे २४ क्विंटल. मुरलेल्या शेणखतानं भरली, तर दोन ते अडीच टन. आणि मुरमानं फळीबरोबर भरली, तर साडेपाच टनांच्या पुढं. ट्रॉली तीच, फळी तीच. वाळूचा तर हिशेब गवंड्यालाही पाठ असतो, एक ब्रास म्हणजे साडेचार टनांच्या घरात.

पाण्याचं वजन लोकांच्या लवकर ध्यानात येत नाही. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, त्या साली गावोगाव ट्रॅक्टरमागं टाक्या फिरत होत्या. पाच हजार लिटरची टाकी म्हणजे पाणीच पाच टन, लोखंड वेगळं. आणि अर्धी भरलेली टाकी भरलेलीपेक्षा हलकी, म्हणून निर्धोक समजू नका. ब्रेक लावला की आतलं पाणी पुढं आदळतं, वळणावर बाजूला झोकांडतं. टाकी आतून आडव्या पडद्यांची आहे का, हे घेताना झाकण उघडून बघा. पडदे नसतील तर ती घेऊ नका.

दोन चाकी की चार चाकी

दोन चाकी ट्रॉलीचा थोडा भार हुकावाटे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतो. काळ्या जमिनीत हा मोठा फायदा आहे. चाकं दाबली जातात, पकड येते, ओल्या रानातून ट्रॅक्टर निघतो. ही ट्रॉली मागं घेता येते, अरुंद पांदणीतून वळते, खळ्यापर्यंत जाते. दहा-बारा एकरांच्या आतला, शेणखत, सोयाबीन, तूर, हरभरा अशी वाहतूक असलेला शेतकरी असेल, तर दोन चाकीच घ्यावी, असं माझं मत आहे.

पण याच फायद्यात धोका आहे. तराजूचं पारडं जसं, तसा ट्रॅक्टर मागच्या चाकांवर तोललेला असतो. हुकावर भार वाढला की पुढची चाकं हलकी होतात. स्टिअरिंग हलकं लागतं, चालवणाऱ्याला वाटतं गाडी छान चालली, आणि वळणावर ती वळतच नाही. उलट माल एक्सलच्या मागं जास्त भरला, तर ट्रॉली हुक वर उचलते, मागच्या चाकांची पकड जाते आणि ट्रॉली शेपटीसारखी हलू लागते. म्हणून माल एक्सलच्या किंचित पुढं जड राहील असा भरा. आधी पुढून, मग मधे, शेवटी फाळक्याकडं. उतरवताना उलट, आधी फाळक्याकडचं.

चार चाकी ट्रॉली आपला भार आपल्याच चाकांवर घेते. ऊस न्यायला, लांबच्या डांबरी रस्त्याला ती बरी. अर्धापूरकडची केळी न्यायची असतील, तर कमान-पाट्यांची चार चाकी चांगली, फळाला हिसके कमी बसतात. पण तिचा भार ट्रॅक्टरवर येत नसल्यामुळं ओल्या रानात ट्रॅक्टरची चाकं जागेवर फिरतात. आणि ती मागं घेणं म्हणजे परीक्षाच. पुढचा एक्सल एकीकडं वळतो, साठा दुसरीकडं. आमच्या घरी वडिलांनी हौसेनं चार चाकी आणली होती. पांदणीच्या वळणावर ती अशी अडकली, की शेवटी रिकामी करून, माणसं लावून काढली. पुढं तीन वर्षं ती सडकेच्या कडेलाच उभी राहिली आणि शेतातला माल बैलगाडीनं तिच्यापर्यंत येत होता. ट्रॉली वाईट नव्हती, आमची वाट तिच्याजोगी नव्हती. तेव्हा घेण्याआधी दोरी घेऊन आपल्या पांदणीची रुंदी आणि वळण मोजा.

दोन ट्रॉल्या एकामागं एक लावून ऊस नेण्याची रीत हंगामात सगळीकडं दिसते. वरचा सगळा हिशेब दुप्पट करा, म्हणजे ती किती जोखमीची आहे ते कळेल. दोन्ही ट्रॉल्यांना ब्रेक नसतील, तर एका खेपेच्या दोन खेपा करा.

हुक, पिन आणि दोन पायडलं

ट्रॉली नेहमी ट्रॅक्टरच्या खालच्या हुकालाच जोडावी. वर, टॉप लिंकच्या जागी जोडली आणि ट्रॉली चिखलात रुतली, तर जोर लावताच ट्रॅक्टरचं तोंड वर उठून तो चालकाच्या अंगावर उलटतो. सावरायला क्षणही मिळत नाही.

पिन हुकाच्या भोकाला बसेल त्याच जाडीची, आणि तिच्या खालच्या टोकाला लॉक हवाच. पहारीचा तुकडा, जुना बोल्ट, सळई असलं काही चालणार नाही. खड्ड्यात आदळून पिन वर उडाली, की ट्रॉली सुटते. जोडीला जाड साखळी लावा, म्हणजे पिन गेली तरी ट्रॉली रस्ता सोडून पळणार नाही.

ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पायडलं असतात, ती शेतात जागच्या जागी वळण्यासाठी. सडकेवर आलात की दोन्ही एकत्र करणारी खिट्टी लावलीच पाहिजे. ती न लावता एकाच पायडलवर जोरात पाय पडला, तर ट्रॅक्टर एका अंगाला फिरतो आणि मागची ट्रॉली त्याला आडवं पाडते. या खिट्टीला पैसा लागत नाही, तरी दहा ट्रॅक्टर बघितले तर कितीतरी ठिकाणी ती गंजून बसलेली असते. आज घरी गेल्यावर तेवढी तेल घालून मोकळी करा.

डंपिंगची ट्रॉली घेणार असाल, तर दोन गोष्टी. काळ्या, ओल्या जमिनीवर साठा उचलू नका. एक चाक दोन बोटं जरी रुतलं, तरी वर गेलेला भार त्या बाजूला कलतो आणि ट्रॉली आडवी होते. आणि वर उचललेल्या साठ्याखाली लोखंडी टेकू लावल्याशिवाय जाऊ नका, पाइप फुटायला वेळ लागत नाही. उचलण्याआधी वर बघा, विजेची तार नाही ना.

माणसं बसवण्याबद्दल

ट्रॉली मालासाठी आहे, त्यात माणसं नेण्याला कायद्यानं परवानगी नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी नेतात, कारण रानात मजूर न्यायला दुसरी सोय नसते. ४ एप्रिल २०२५ ला नांदेडजवळ आलेगाव शिवारात कामाला निघालेल्या बायांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत पडला. हिंगोली जिल्ह्यातल्या गुंज गावच्या सात जणी गेल्या. आपल्याकडं वाटेच्या कडेला कठडा नसलेल्या विहिरी किती आहेत, हे तुम्ही आमच्याहून जास्त जाणता. ट्रॉलीतल्या माणसाला धरायला काही नसतं आणि उडी मारायला वेळ नसतो. मजुरांना ऑटोनं आणा, चार पैसे जास्त पडतील. ते शक्य नसेल, तर सडकेपाशी उतरवून शेतापर्यंत चालत येऊ द्या.

घेताना काय बघायचं

ट्रॉली बनवणारे कारागीर लातूर-नांदेडला पुष्कळ आहेत आणि काम चांगलं करतात. मात्र पावती, चेसिस नंबर आणि नोंदणीला लागणारी कागदपत्रं मागा. ट्रॉलीची नोंदणी आणि विमा ट्रॅक्टरहून वेगळा बघावा लागतो. जुनी घेत असाल, तर एक चाक जॅकवर उचलून हातानं हलवा. खडखड वाजलं, तर बेअरिंग गेलेलं आहे. एक्सलला वेल्डिंगचा जोड दिसला, तर सौदा सोडा. टायर रिमोल्ड केलेले आहेत का, ते विचारा. भरलेल्या ट्रॉलीला ते उन्हाळ्याच्या डांबरावर दगा देतात. मागं लाल रिफ्लेक्टर आणि दिवे हवेत. ऊस भरला की ट्रॅक्टरचे मागचे दिवे झाकले जातात आणि रात्री मागून येणाऱ्याला अंधाराचा ढीग तेवढा दिसतो, तोही जवळ आल्यावर.

नवी ट्रॉली घरी आणताना वजनकाट्यावरून आणा. आधी एकट्या ट्रॅक्टरचं वजन करा, मग रिकाम्या ट्रॉलीचं. पहिली भरलेली खेप निघाली की पुन्हा काट्यावर जा. या वेळी फक्त ट्रॅक्टर काट्यावर घ्यायचा, ट्रॉली जोडलेली असू द्या पण तिची चाकं काट्याबाहेर ठेवा. ट्रॅक्टरचं वजन जेवढं वाढलेलं दिसेल, तेवढा हुकावरचा भार. तो ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेल्या मर्यादेत आहे का, ते बघा. मग ट्रॉली जोडलेलीच ठेवून ट्रॅक्टरची फक्त पुढची दोन चाकं काट्यावर घ्या. तिथं एकट्या ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा भरला पाहिजे, दोन टनांच्या ट्रॅक्टरला ४०० किलो. कमी भरला, तर माल मागं सरकवा किंवा पुढं वजनं लावा. एवढं झालं, की ट्रॅक्टरचं वजन, रिकाम्या ट्रॉलीचं वजन आणि किती माल भरायचा तो आकडा, असे तिन्ही आकडे ट्रॉलीच्या पुढच्या फळीवर आतून रंगानं लिहून टाका, म्हणजे तुम्ही गावाला गेलात तरी भरणाऱ्या गड्याला ते दिसतील.