पेट्रोल पंखात का?

कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीला गच्चीवर विमान बांधलं, हे तुम्ही ऐकलं असेलच. २०१६ मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०१९ मध्ये चाचणी उड्डाणाची परवानगी मिळाली. ते वाचताना मला प्रश्न पडला, घरी विमान बांधणारे बरेच जण पेट्रोलची टाकी पंखातच का बसवतात?

कारण साधं आहे. उडताना हवा पंखांना वर उचलते आणि मधलं धड खाली ओढतं. म्हणून पंखाची मुख्य तुळई, म्हणजे स्पार, मुळाशी वाकायला बघते. पंखातल्या पेट्रोलचं वजन पंखाला तिथल्या तिथे खाली दाबतं, आणि स्पारवरचा ताण कमी होतो.

बसवणं मात्र जिकिरीचं काम! अॅल्युमिनियमचा प्रत्येक सांधा आणि प्रत्येक रिव्हेट सीलंटने बंद करायचा. हवा आत यायला व्हेंट हवाच. तो तुंबला तर टाकीत पेट्रोल असूनही इंजिन बंद पडेल. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी जमतं. म्हणून सर्वांत खाली ड्रेन ठेवतात आणि उड्डाणाआधी थोडं पेट्रोल काढून बघतात.

शेवटी गळतीची चाचणी. अगदी कमी दाबाने हवा भरायची, कारण जास्त दाबाने टाकीच फुगेल. मग सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधायचे. आमच्या अणदूरला पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो, तीच ही युक्ती. फक्त त्याची सायकल रस्त्याच्या कडेला थांबवता येते. विमानाचं पंक्चर जमिनीवरच सापडायला हवं.