जेक्वेरी: सोय मोठी, ओझेही सोबत

संकेतस्थळावर अर्ज भरताना चूक झाली की तो रकाना तत्काळ लाल होतो. यादीवर टिचकी मारली की ती उघडते. या करामती ब्राऊजरमधील जावास्क्रिप्ट या भाषेच्या. मात्र २००६च्या सुमारास तिच्यात काम करणे म्हणजे डोकेदुखीच होती. साध्या टिचकीची दखल घेण्यासाठी इंटरनेट एक्सप्लोररला एक आज्ञा लागे, तर फायरफॉक्सला दुसरी.

जॉन रेसिग या अमेरिकी प्रोग्रॅमरने त्याच वर्षी जेक्वेरी ही लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञांचा संच, सादर केली. ब्राऊजरमधील भेद तिने आपल्या पोटात घेतले. शिवाय पानावरील घटक निवडण्याची तिची रीत सजावटीच्या सीएसएस भाषेसारखीच होती. त्यामुळे ज्यांना पान केवळ सजवता येत होते, त्यांना ते हलते-बोलतेही करता येऊ लागले. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते तिचे खरे यश हेच.

पुढे ब्राऊजर एकमेकांच्या जवळ आले आणि घटक निवडण्याची तशीच सोय त्यांच्यातच उपलब्ध झाली. इंटरनेट एक्सप्लोररला तर २०२२मध्ये निरोपच मिळाला. चार ओळींच्या कामासाठी, दाबून लहान केल्यावरही तीसेक किलोबाइटची फाईल वाचकाच्या मोबाइलवर का लादावी, असा प्रश्न मग साहजिकच उभा राहतो. गिटहबने २०१८मध्ये आणि बूटस्ट्रॅपने २०२१मध्ये तिची साथ सोडली.

मोठ्या कामात अडचण निराळी येते. खरेदीच्या टोपलीतील वस्तूंची संख्या पानावर तीन ठिकाणी दिसत असेल, तर तिन्ही ठिकाणी ती बदलण्याचे भान प्रोग्रॅमरनेच ठेवायचे. एक जागा विसरली की ग्राहकाला चुकीचा आकडा दिसतो. २०१३मध्ये आलेल्या रिअ‍ॅक्टने नेमका हाच भार उचलला.

खरा धोका आहे तो जुन्या आवृत्त्यांचा. बाहेरून आलेला मजकूर गाळून घेतल्यानंतरही त्यातून घातक आज्ञा चालू शकतील, अशी त्रुटी एप्रिल २०२०मधील ३.५ आवृत्तीत दूर करण्यात आली. तरीही अनेक संकेतस्थळे मागेच राहिली, कारण नवी आवृत्ती बसवली की जुनी पूरक साधने बंद पडतात! फाईलच्या नावात बहुधा आवृत्तीचा क्रमांक असतो. तो ३.५पेक्षा कमी असल्यास आधी संकेतस्थळाची प्रत करून तिच्यावर नवी आवृत्ती चालवून पाहावी. कोणत्या आज्ञा अडतील, हे जेक्वेरीचेच मायग्रेट हे साधन सांगते.